बर्फ कोणाच्या वाट्याला येतो?

गाणाऱ्याच्या घरात जन्मलेल्या माणसाला जन्मभर एक वाक्य ऐकावे लागते. "तुमचे काय बुवा, तुमच्या रक्तातच आहे!" लग्नाच्या पंगतीत, गणेशोत्सवात, रावपुऱ्यात भाजी घेताना, कोठेही हे वाक्य माझ्या अंगावर येते, आणि खरे सांगायचे तर पुष्कळ वर्षे मी ते सुखाने अंगावर घेतले. माझे वडील बडोद्याच्या कलावंत कारखान्यात उमेदवारीला लागले तेव्हा दहा-अकरा वर्षांचे होते. पुढे १९४९ साली संस्थान विलीन झाले, कारखाना आटला, आणि वाड्यावर सणासुदीला हजेरी लावण्यापुरती चाकरी उरली. तीही त्यांनी अखेरपर्यंत निष्ठेने केली. मी त्यांचे उशिराचे अपत्य. तेव्हा रक्ताची गोष्ट निघाली की मी आजवर मान लववून हसत असे.

त्या हसण्यात काही खोट आहे, हे मला कळले ते गाण्याच्या बैठकीत नव्हे, तर कॅनडात बर्फावरची हॉकी पाहताना. संगीतशिक्षकाने खेळावर लिहावे याचे वाचकांना नवल वाटेल. मलाही त्या खेळातले डावपेच फारसे कळत नाहीत. परंतु एखाद्या देशाला एखादी विद्या का साधते आणि शेजारच्या देशाला का साधत नाही, हा प्रश्न आमच्या धंद्यातलाच आहे.

झाले असे की, माझा एक जुना विद्यार्थी टोरांटोजवळच्या ब्रॅम्प्टन गावी स्थायिक झाला आहे. त्याच्या आग्रहावरून एका हिवाळ्यात महिनाभर शिकवण्यासाठी मी तेथे गेलो होतो. त्याचा नऊ वर्षांचा मुलगा हॉकी खेळतो. एके दिवशी पहाटे पावणेपाचला घरात खुडबुड ऐकून मी उठलो, तो बापलेक भलीमोठी पिशवी मोटारीत चढवीत होते. सरावाची वेळ साडेपाचची. मीही शाल गुंडाळून बरोबर गेलो.

आत पाहतो तो बर्फाचे लांबरुंद अंगण, वर पांढरे झगझगीत दिवे, आणि बाकांवर कागदी पेल्यांतून कॉफी पिणारी, डोळ्यांवरची झोप न उतरलेली आईबापे. एक अवजड यंत्र बर्फावरून संथपणे फिरत होते. मागे ओला, आरशासारखा पट्टा उमटत होता. फ्रँक झांबोनी नावाच्या गृहस्थाने १९४९ साली हे यंत्र कॅलिफोर्नियात तयार केले, म्हणजे ज्या प्रांतात सूर्य आणि संत्री यांची ख्याती त्या प्रांतात! यंत्र बाहेर गेले आणि पोरे आत सुटली. पात्यांचा बर्फावर होणारा तो खर्रर्र आवाज मला अजून आठवतो. मी विद्यार्थ्याला म्हटले, "ब्राह्ममुहूर्तावर रियाझ! तुमच्या देशात आमची परंपरा चांगली रुजली की." तो हसला नाही. म्हणाला, "गुरुजी, परंपरा कसली? संध्याकाळची वेळ परवडत नाही. पहाटेचा बर्फ स्वस्त मिळतो."

मग त्याने मला तो हिशेब समजावून सांगितला. तेथे बर्फ तासाने विकत घ्यावा लागतो. बूट, पाती, काठी, शिरस्त्राण, छातीचे व गुडघ्याचे चिलखत हे सारे मूल वाढेल तसे दरवर्षी नवे. गावोगावच्या सामन्यांचा प्रवास वेगळा, आणि खास शिकवणी हवी तर तिचे पैसे आणखी वेगळे. वर्षाकाठी एका मुलामागे हजारो डॉलर. त्याच्या आळीत पंजाबी कुटुंबे पुष्कळ आहेत. या खेळाचे पंजाबीतले धावते समालोचन २००८ पासून होते आणि ते घरोघर चवीने ऐकले जाते. पण ऐकणाऱ्या घरांतून बर्फावर उतरणारी मुले किती, असे मी विचारले तेव्हा त्याने नुसते खांदे उडवले.

आणि तरी कॅनडाचा माणूस या खेळाविषयी बोलू लागला की पहिले वाक्य तेच: आमच्या रक्तात आहे. वेन ग्रेट्झ्कीचे नाव घेतात. हा या खेळातला सर्वांत मोठा खेळाडू, ब्रँटफर्डच्या एका टेलिफोन कंपनीतल्या कर्मचाऱ्याचा मुलगा. परंतु त्या वडिलांनी, वॉल्टर ग्रेट्झ्कींनी, परसात पाणी सोडून दर हिवाळ्यात बर्फाचे अंगण तयार केले होते, आणि पोरगा शाळेआधी, शाळेनंतर, जेवणानंतर त्यावर असे, ही गोष्ट ते त्याच श्वासात सांगतात. ती दुसरी गोष्ट पहिलीला खोडते हे त्यांच्या ध्यानात येत नाही. आमच्या घरी दोन तानपुरे भिंतीला टेकलेले असत. मी रांगत जाऊन तारा ओढीत असे. परसातला बर्फ तो हाच.

थंडी पडते म्हणून खेळ येतो, हेही अर्धेच खरे. १९११ साली लेस्टर आणि फ्रँक पॅट्रिक या बंधूंनी वडिलांच्या लाकूड-व्यवसायाच्या विक्रीतून आलेला पैसा घालून व्हिक्टोरिया आणि व्हँकूव्हर येथे कृत्रिम बर्फाची मैदाने बांधली. कॅनडातली अशी ही पहिलीच, आणि ती बांधली कोठे, तर पश्चिम किनाऱ्यावर, जेथे हिवाळ्यात बर्फापेक्षा पाऊसच अधिक. त्यांच्या संघटनेत सामील झालेल्या अमेरिकेतल्या सिअ‍ॅटलच्या संघाने १९१७ साली स्टॅन्ली चषक जिंकला. अलीकडचे उदाहरण तर याहून गमतीचे. ऑस्टन मॅथ्यूज हा आजच्या थोर गोलंदाजांपैकी (क्रिकेटचा नव्हे, गोल करणारा या अर्थी) एक. २०२३-२४ च्या हंगामात त्याने ६९ गोल केले. तो वाढला कोठे? अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटात, जेथला उन्हाळा आपल्या वैशाखालाही लाजवील. १९९६ साली विनिपेगचा व्यावसायिक संघ उठून फीनिक्सला गेला, गावात बर्फाची मैदाने उघडली, आणि एका पोराच्या हाती काठी आली. तो संघ २०२४ मध्ये तेथूनही उठला. आता पुढच्या पोराचे काय, ते पाहायचे.

उलट १९३६ चे ऑलिंपिक पाहा. सुवर्णपदक ब्रिटनने जिंकले! पण त्या संघातले बहुतेक खेळाडू ब्रिटनमध्ये जन्मून कॅनडात वाढलेले, तेथल्या बर्फावर तयार झालेले होते. रक्त ब्रिटिश, बर्फ कॅनडाचा. पदक कोणाचे म्हणायचे?

बर्फ असूनही तो कोणाला मिळतो, हा पुढचा प्रश्न, आणि तो मला अधिक बोचतो. हॅलिफॅक्समध्ये १८९५ साली कृष्णवर्णीयांनी चर्चच्या आश्रयाने आपले स्वतंत्र संघ उभे केले. खेळाडू होते, प्रेक्षक होते. परंतु बंदिस्त मैदान त्यांना मिळे ते गोऱ्या संघांचा हंगाम उरकत आल्यावर, बर्फ मऊ पडू लागे तेव्हा. व्यावसायिक हॉकीच्या सर्वोच्च संघटनेत पहिला कृष्णवर्णीय खेळाडू, विली ओरी, उतरला तो १९५८ साली. टोरांटोची अ‍ॅबी हॉफमन नऊ वर्षांची असताना केस कापून, मुलगा म्हणून, मुलांच्या संघात हंगामभर उत्तम खेळली. निवडक संघात नाव आल्यावर जन्माचा दाखला मागितला गेला आणि १९५६ साली सारे उघड झाले. वर्तमानपत्रांत तिचे कौतुक झाले, हे खरे. पण मुलींना बर्फ मिळायला पुढे कित्येक वर्षे गेली. ती पोर पुढे धावपटू झाली आणि चार ऑलिंपिकांत धावली. हॉकीने काय गमावले याचा हिशेब कोणत्याही वहीत नाही.

यापेक्षाही सूक्ष्म अन्याय एका मानसशास्त्रज्ञाने दाखवला. रॉजर बार्न्सली हे त्यांचे नाव. सामना पाहताना छापील कार्यक्रमपत्रिकेतल्या खेळाडूंच्या जन्मतारखा त्यांच्या पत्नीच्या नजरेस पडल्या. जानेवारी, फेब्रुवारी, मार्च; पुन्हा जानेवारी. १९८५ साली त्यांनी सहकाऱ्यांसह हा विषय शास्त्रशुद्ध मांडला. कारण ग्रहताऱ्यांत नव्हते. मुलांचे वयोगट १ जानेवारीला कापले जातात. आठ-नऊ वर्षांच्या पोरांत जानेवारीचा मुलगा डिसेंबरच्या मुलापेक्षा जवळजवळ वर्षाने थोर. तो दांडगा दिसतो, निवडला जातो. निवडला म्हणून त्याला चांगला शिक्षक आणि दुप्पट बर्फ मिळतो. आणि सोळाव्या वर्षी तो खरोखरच सरस झालेला असतो. निवडणारे म्हणतात, बघा, आमची पारख!

हे वाचले त्या रात्री मला झोप लागली नाही. त्याचे कारण शेवटी सांगेन.

रशियाची कथा आपल्या पिढीला अर्धवट ठाऊक असते. तेथे आधी चेंडूने खेळायची बर्फावरची हॉकी होती. चकतीने खेळायच्या हॉकीची पहिली राष्ट्रीय स्पर्धा भरली ती १९४६ च्या डिसेंबरात. आणि १९५४ साली स्टॉकहोमला, पहिल्याच जागतिक स्पर्धेत, त्यांनी कॅनडाला ७-२ असे हरवले. आठ वर्षांत रक्त बदलत नाही. बदलला तो सरकारचा निश्चय. लष्कराच्या संघाला पैसा, शाळा, अनातोली तारासोव्हसारखा शिक्षक. बर्फ नसेल तेव्हा हा गृहस्थ पोरांकडून जमिनीवर मेहनत करून घेई आणि बॅले नर्तकांची अंगलय न्याहाळी. आमच्याकडे कंठ बसला की पलटे मनात म्हणवून घेत, तसेच काहीसे. १९६४ पासून 'सोनेरी चकती' या नावाने आळीआळीच्या पोरांच्या स्पर्धा सुरू झाल्या. मॉस्कोच्या एका कामगाराचा अशक्त मुलगा, वालेरी खार्लामोव्ह, लष्कराच्या क्लबातल्या शाळेत शिरला तो वय एक वर्षाने लपवून. त्या वर्षी १९४९ मध्ये जन्मलेल्यांनाच प्रवेश होता, हा १९४८ चा! अंगाने लहान म्हणून खपून गेला. खरे वय कळले तोवर शिक्षकांना त्याची चाल कळली होती, त्याला ठेवून घेतले. १९७२ मध्ये कॅनडाचे नामवंत खेळाडू त्याला रोखताना घामाघूम झाले.

परंतु दरबारचा आश्रय कसा असतो हे दरबारी माणसाच्या मुलाला कोणी सांगायला नको. प्रागच्या श्त्वानित्से बेटावर १९३० च्या सुमारास कृत्रिम बर्फ आला. त्या बर्फावर वाढलेल्या चेकोस्लोव्हाकियाच्या संघाने १९४७ आणि १९४९ अशी दोन जागतिक अजिंक्यपदे मिळवली. १९५० साली सरकारला संशय आला की हे खेळाडू परदेशी पळून जातील. संघच्या संघ पकडला गेला. गोलरक्षक बोहुमिल मोद्री यांना १५ वर्षांची शिक्षा झाली. पुढचे अजिंक्यपद यायला १९७२ उजाडले. ज्या हाताने बर्फ दिला त्याच हाताने तो काढून घेतला. आमच्या वाड्यावर कोणी कोणाला तुरुंगात टाकले नाही. पण धन्याची मर्जी फिरली की बिदागी बंद, हे घरोघर ठाऊक होते.

म्हणून मला फिनलंडची रीत अधिक भावते. पंचावन्न-छप्पन्न लाखांची वस्ती. आपल्या एखाद्या मोठ्या शहराइतकी. तेथले पहिले बंदिस्त बर्फगृह, हाकामेत्सा, तांपेरे या गिरण्यांच्या गावात १९६५ साली उघडले. मग गावोगाव, बहुतेक नगरपालिकांच्या पैशाने, एकेक करीत आज दोनशेंच्या वर झाली आहेत. घाई नाही. ऑलिंपिकचे पहिले पदक १९८८ मध्ये, म्हणजे तेवीस वर्षांनी. जागतिक अजिंक्यपद १९९५ मध्ये, तीस वर्षांनी. तुर्कूचे जुने गोलरक्षक उर्पो य्लोनेन खेळणे थांबवून कोवळ्या गोलरक्षकांना शिकवीत बसले, आणि त्या एका परंपरेतून जगभर मागणी असलेले गोलरक्षक निघाले. इतर देशांत गोलरक्षकाला वेगळा गुरू असावा हे पुष्कळांच्या गावीही नव्हते. २०२२ च्या फेब्रुवारीत बीजिंगला फिनलंडने रशियन संघाला २-१ ने हरवून पहिले ऑलिंपिक सुवर्ण घेतले, आणि त्याच वर्षी मे महिन्यात कॅनडाला नमवून जागतिक अजिंक्यपदही. तो दुसरा सामना झाला कोठे? तांपेरेत! पहिले छप्पर घालणारे कारभारी तोवर बहुतेक हयात नसतील. म्हाताऱ्याने आंबा लावावा तसा तो खर्च होता.

ज्यांना आंब्याच्या मोसमापर्यंत धीर नव्हता त्यांचे काय झाले तेही पाहावे. २०१८ च्या प्योंगचांग ऑलिंपिकसाठी दक्षिण कोरियाने आणि २०२२ साठी चीनने परदेशात तयार झालेले खेळाडू आपलेसे करून संघ सजवले. दोन्ही यजमानांचे पुरुष संघ एकही सामना जिंकू शकले नाहीत. उसना गवई मैफल निभावील. घराणे होणार नाही.

आता आपल्या देशाकडे येतो. लेहच्या तळ्यांवर डिसेंबर ते फेब्रुवारी, जेमतेम दोन-अडीच महिने बर्फ टिकतो. तेथल्या मागच्या पिढीने जुन्या लष्करी बुटांना लोखंडी पाती जोडून आणि गोलरक्षकाला क्रिकेटची पॅडे बांधून हा खेळ चालवला. रात्री गारठ्यात बाहेर पडून तळ्यावर पाणी ओतायचे, म्हणजे सकाळी पृष्ठ सपाट मिळते. झांबोनीचे काम पोरेच करतात. मुलींचा राष्ट्रीय संघ २०१६ मध्ये लोकवर्गणीतून पैसे जमवून तैपेईला गेला आणि सपाटून हरला. २०१७ मध्ये बँकॉकला फिलिपाइन्सला ४-३ असे हरवून त्यांनी पहिला विजय मिळवला. २०१८ च्या हिवाळ्यात कॅनडाची ऑलिंपिक विजेती हेली विकनहायझर लेहला साहित्य घेऊन गेली होती. तिने या मुलींबरोबर बर्फावर घाम गाळला. आणि २०२५ मध्ये संयुक्त अरब अमिरातीत झालेल्या आशिया चषकात या मुलींनी कांस्यपदक आणले. वाळवंटात बर्फ होता, हे पुन्हा ध्यानात घ्यावे. आमच्या येथे काय होते? २०११ साली देहरादूनला मोठे बर्फगृह बांधले, स्पर्धा झाल्या, आणि विजेचा व देखभालीचा खर्च झेपेना म्हणून ते वर्षानुवर्षे बंद पडले; २०२५ मध्ये पुन्हा उघडले. ती बंद वर्षे म्हणजे लडाखच्या एका पुऱ्या पिढीचे शिकण्याचे वय. इमारत बांधणे म्हणजे गुंतवणूक नव्हे. दिवा जळता ठेवणे ही गुंतवणूक. आमचे लोक कोनशिलेला हार घालतात आणि विजेचे बिल पाहून घाबरतात.

या शहराला तरी हे शिकवावे लागू नये. सयाजीरावमहाराजांच्या पदरी गवई-बजवय्ये होतेच. दरबाराची शोभा तेवढ्याने भागली असती. तरीही १८८६ साली त्यांनी मौलाबक्षांच्या हाती सार्वजनिक गायनशाळा दिली, स्वरलिपी करवली, पुस्तके छापवली, जेणेकरून ज्याचा बाप गवई नाही त्यालाही गाणे यावे. आपल्यापैकी कित्येक घरांतल्या आज्या-पणज्या पेटीवर चार रागांच्या चिजा वाजवीत, त्याचे मूळ त्यात आहे, रक्तात नाही.

आता त्या न लागलेल्या झोपेविषयी. काही वर्षांपूर्वी मी शिकवीत असलेल्या एका संस्थेत रिक्षा चालवणाऱ्या एका गृहस्थांची मुलगी प्रवेशिकेच्या वर्गात होती. बारा वर्षांची, कान तल्लख. पण सहामाहीला तिचा षड्ज हलत होता, पलटे कच्चे. पुढच्या वर्गासाठी मी आठ मुले निवडली, त्यात ती नव्हती. तिच्या वडिलांना मी म्हणालो, "आवड आहे, पण गळ्यात नाही हो." त्यांनी हात जोडले आणि मुलीला घेऊन गेले. निवडलेल्या आठांपैकी सहांच्या घरी पेटी किंवा तानपुरा होता. ती मुलगी एका खोलीत सहा माणसांत राहत होती, आणि रात्रपाळी करून आलेला काका दिवसा तेथेच झोपे. हे मला पुढे शेजारच्या एका बाईंकडून कळले. घरात मोठ्याने 'सा' म्हणायची तिला मुभाच नव्हती. गळ्यात नव्हते की खोलीत नव्हते, हे मी विचारलेही नव्हते.

कॅनडाहून परतल्यावर मी संस्थेच्या चालकांना लेखी विनंती केली की, सकाळी सहापासून दोन खोल्या उघड्या ठेवाव्यात. ज्यांच्या घरी जागा नाही त्यांनी येऊन रियाझ करावा. चार तानपुरे गवसण्यांत घालून अकरापर्यंत भिंतीशी उभे असतात. उत्तर आले की, दिवाबत्ती आणि शिपायाच्या वेळेचा प्रश्न आहे. पुढील बैठकीत विचार करू. त्यानंतर दोन बैठका झाल्या. मी गेल्या आठवड्यात पुन्हा अर्ज दिला आहे. शिपायाऐवजी किल्ली मीच घेईन आणि विजेचे पैसे भरीन, असे या खेपेस लिहिले आहे.

त्या मुलीच्या वडिलांना मी मांडवीपाशी गाठले. ती आता बारावीत आहे. गाते का, असे विचारले. ते म्हणाले, "रिक्षात मागे बसली की गाते साहेब, रस्त्यावर आवाज असतो ना, कोणाला त्रास नाही."

संस्थेचे उत्तर येईल तेव्हा येवो. तोवर माझ्या घरच्या बैठकीत वडिलांचे दोन तानपुरे सकाळी साडेपाच ते साडेसात लावून ठेवलेले असतात. फी नाही, परीक्षा नाही. ज्यांच्या घरी मोठ्याने गाता येत नाही त्यांनी दार ढकलून आत यावे. कडी आतून लावलेली नसते.